नखापुरता आजार

काचीगुडा, हैदराबाद
९ डिसेंबर २०२४

चि. भामा,

आशीर्वाद. तुझं दिवाळीनंतरचं पत्र मिळालं होतं, उत्तराला उशीर झाला. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि मी बोललो की साऱ्या बिल्डिंगला ऐकू जातं, म्हणून कागदच बरा. शिवाय आजची गोष्ट घरात कुणाच्या कानावर जायला नको.

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख खराब झालंय. आधी एका कडेला पिवळं पडलं, मग जाड होत गेलं. आता खालून भुसा झडतो आणि नेलकटर चालत नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांच्या कडेनं मोजणी करत फिरलो, पाय कायम चिखलात, तेव्हा काही झालं नाही. आता घरात बसून हे.

दसऱ्याला पाया पडताना सूनबाईच्या नजरेला पडलं. प्रियदर्शिनी म्हणाली, बाबा, पाय दाखवा बरं. मी पाय मागे घेतला. तेव्हापासून घरात मोजे घालतो. थंडी आहे तोवर ठीक, पुढे उन्हाळ्यात मोज्यांचं काय कारण सांगू? पद्मा गेली त्याला जानेवारीत सहा वर्षं होतील, पण आईच्या धसक्यानं हर्षवर्धन अजून माझ्या शिंकेलासुद्धा दचकतो. त्याला पाय दाखवायचा नाही, हे माझं पक्कं आहे. तूही त्याला काही बोलायचं नाहीस.

नामपल्लीच्या रस्त्यावर एक लेसरचं क्लिनिक निघालंय. गोळ्या नाहीत, कापाकापी नाही. नखावर उजेड मारतात आणि आतली बुरशी मरते म्हणतात. महिन्यातून एकदा, असं चार वेळा जायचं. नख साफ दिसायला लागलं की कुणी पाय बघायला मागणार नाही. तू तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, म्हणून विचारतो. चांगलं असतं का हे?

बाकी तब्येत उत्तम.

तुझा,
अण्णा


उदगीर
१५ डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून मला हसू आलं, रागावू नका. आपल्या घरात सगळ्यांत आधी आरसा तुम्हाला लागायचा, हे मी विसरले होते. शाळेत जाताना चपला ओल्या फडक्यानं पुसून घालणारा गावात एकच मुलगा होता. एकाहत्तराव्या वर्षी नखाची काळजी करताय म्हणजे जगण्याची हौस शाबूत आहे. मला बरं वाटलं.

आता नर्स म्हणून सांगते. जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असं नाही. आधी चामडीच्या डॉक्टरला दाखवा. ते नखाचा थोडा चुरा खरवडून तपासायला देतात. बुरशी निघाली तर मलम आहे, गोळ्या आहेत. गोळ्यांआधी रक्त तपासतात, त्याला घाबरू नका. लेसरचं म्हणाल तर कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही, खात्री कुणी देत नाही. आणि काहीही केलं तरी पायाचं नवं नख पुरं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. उन्हाळ्याच्या आत साफ दिसणार नाही.

शुगर शेवटची कधी तपासली ते कळवा. या वयात पायाचं काही निघालं की आधी तेच बघतात.

हर्षला सांगणार नाही. नखापुरतं गुपित ठेवायला माझं काय जातंय?

तुमची,
भामा


काचीगुडा
२६ डिसेंबर २०२४

चि. भामा,

आशीर्वाद. तू लिहिलंस ते पटलं, पण चामडीच्या डॉक्टरकडे तीन आठवड्यांनंतरचा नंबर मिळत होता आणि क्लिनिकवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. सोमवारी जाऊन आलो. घरी सांगितलं, बेगम बाजारात धने-मिरे आणायला जातो. येताना खरंच दोन किलो धने आणले, म्हणजे खोटंही झालं नाही.

जागा स्वच्छ आहे, खुर्ची विमानातल्यासारखी मागे जाते. आधी एक फॉर्म भरून घेतला. ॲलर्जी आहे का, ब्लडप्रेशर आहे का, शुगर आहे का, लांबलचक यादी होती. मी सगळीकडे ‘नाही’वर खूण करून सही केली. चुरा तपासायचं मी विचारलं. ते म्हणाले, करायचं असेल तर करा, बघूनच कळतंय. मग मीही सोडून दिलं.

भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी मशीन चालवते. फार मायाळू. माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि म्हणाली, अंकल, गरम लागलं की लगेच बोला, मी थांबते. मग नखावर बारीक उजेड फिरवायला लागली. थोड्या थोड्या वेळानं तेलुगूत विचारायची, ‘वेडिगा उंदा?’ म्हणजे गरम लागतंय का. मी म्हणत होतो, नाही. तिनं काहीतरी वाढवलं, पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाही. तिला नवल वाटलं. म्हणाली, इथं बाकीचे लोक पाय ओढून घेतात, तुम्ही हललासुद्धा नाहीत. शेवटी मी सांगत नाही म्हणून तिनंच थांबवलं. मी सांगितलं, माझं नावच हिम्मतराव आहे.

पुढची तारीख वीस जानेवारी.

शुगरचं तू विचारलंस. चहा मी बिनसाखरेचाच पितो, तुला माहीत आहे.

तुझा,
अण्णा


उदगीर
३१ डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

स्पीड पोस्टानं पाठवतेय, मिळेल त्याच दिवशी उत्तर टाका.

भाग्यलक्ष्मीनं विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, ते वाक्य मी चारदा वाचलं. अण्णा, त्यात हिंमत नाही. ते गरम लागायलाच पाहिजे. माणसाला गरम लागतं म्हणून तो ओरडतो, ओरडतो म्हणून समोरचा थांबतो. ती मुलगी तुमच्या बोलण्यावर विसंबून होती आणि तुम्ही तुमच्या पायावर.

मी विचारते त्याची खरी उत्तरं द्या. पायाला मुंग्या येतात का? कापसावर चालल्यासारखं वाटतं का? चपला पायातून निसटतात आणि कळत नाही, असं होतं का? आंघोळीचं पाणी पायावर घेण्याआधी हातानं बघता का? रोज सकाळी तळव्याखाली आरसा धरून बघा, कुठं फोड, कुठं ओल आहे का. ऊन पाण्याच्या पिशवीनं पाय शेकू नका.

आणि शुगर तपासा. चहाचं मी विचारलं नव्हतं.

वीस तारखेला तिथं जायचं नाही.

भामा


उदगीर
१४ जानेवारी २०२५

अण्णा,

आज संक्रांत. उत्तर नाही. हर्षला फोन केला तर म्हणाला, बाबा मजेत आहेत, मध्ये बेगम बाजारातून दोन किलो धने घेऊन आले. मी तिळगुळाच्या गोष्टी करून फोन ठेवला. जिभेवर आलं होतं ते गिळलं.

तुम्ही गप्प राहिलात की मला वाईटच सुचतं. एक ओळ तरी लिहा.

भामा


काचीगुडा
२२ जानेवारी २०२५

चि. भामा,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. तू खरं विचारलंस, म्हणून खरं लिहितो. वाचून झालं की फाडून टाक.

मला शुगर आहे. तीन वर्षांपूर्वी नामपल्लीच्या नुमाइशच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर बोट टोचून फुकट तपासत होते. सूनबाई बांगड्या बघत होती, मी सहज हात पुढे केला. तीनशे बारा. त्या पोरानं चिठ्ठी दिली आणि म्हणाला, उद्याच डॉक्टरला दाखवा. मी चिठ्ठी खिशात घातली आणि घरच्यांबरोबर चाट खाल्ली. नंतर दुकानातून गोळ्या आणल्या, कधी घेतो, कधी राहतात. मुंग्या पहिल्या वर्षी यायच्या. आता येत नाहीत. मला वाटलं, बरं झालं.

तू चपलांचं विचारलंस. पंधरा दिवसांपूर्वी भाजी घेऊन आलो तर सूनबाईनं दार उघडलं आणि माझ्या पायाकडे बघत राहिली. एका पायात चप्पल नव्हती, नुसता मोजा. कुठं पडली, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, बसमध्ये चढताना निसटली.

तू नर्स आहेस, पण पद्माच्या वेळी तू घरात नव्हतीस. आधी अंगठा काढला. मग घोट्यापर्यंत. मग गुडघ्याखाली. तिन्ही वेळा कागदावर सही हर्षनं केली, कारण माझा हात चालला नाही. तिसऱ्या सहीनंतर तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या हातात चौथ्यांदा पेन द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात आहे. नखाचं बघून मिटलं असतं तर सगळंच मिटलं असतं.

वीस तारखेला मी जाऊन आलो. तारीख घेतलेली होती. या वेळी नखाखाली जरा काळसर दिसतंय आणि परवापासून मोज्याला ओल लागते. दुखत मुळीच नाही. कालपासून थोडी कणकण आहे, ती हवेमुळे असेल.

हर्षला सांगितलंस तर तुझ्या-माझ्यात पत्र राहणार नाही, हे लक्षात ठेव.

अण्णा


काचीगुडा, हैदराबाद
३० जानेवारी २०२५

आदरणीय आत्याबाई,

नमस्कार. मी प्रियदर्शिनी. मला मराठी बोलायची सवय आहे, लिहायची नाही. काना-मात्रा चुकलं तर माफ करा. फोनवर हर्ष बाजूलाच असतो म्हणून मोकळं बोलता येत नाही, म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहिते.

शनिवारी तुमचा फोन ठेवला आणि हर्ष सरळ बाबांच्या खोलीत गेला. बाबा पांघरूण घेऊन पडले होते, अंगात ताप. हर्ष म्हणाला, मोजा काढा. बाबा म्हणाले, नक्को, थंडी वाजते. मग हर्ष खाली फरशीवर बसला आणि त्यानं पाय मांडीवर घेतला. मोजा चिकटून बसला होता. मी वाटीतून पाणी आणून भिजवत गेले आणि तो हळूहळू काढत गेला. आत्याबाई, बाबांना कळलंच नाही की आम्ही मोजा काढतोय. ते वर पंख्याकडे बघत होते. मोजा पूर्ण निघाल्यावर विचारतात, काढला का?

अंगठा काळानिळा, नख एका बाजूनं उचललेलं, आतून पू. लाली पावलाच्या मध्यापर्यंत चढली होती. वास पण होता. हर्ष उठला, बेसिनकडे जाऊन उभा राहिला. मग ऑटो बोलावली.

इथं आल्यावर शुगर चारशे अडतीस निघाली. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, नखाखाली भाजलं, त्याची जखम झाली आणि ती आत हाडाला लागली. चार दिवस सलाईनमधून औषध दिलं, लाली उतरली, पण हाडाचं टोक काढावंच लागेल म्हणाले. त्याचा कागद आणला तेव्हा हर्षनं पेन घेतलं, कागद वाचला आणि तसाच बाहेर निघून गेला. मग मीच सही केली. नातं लिहायचं होतं, मी ‘मुलगी’ लिहिलं. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

अजून एक. डॉक्टर हर्षला म्हणाले, आईला होतं, वडिलांना आहे, तुम्ही पण रक्त तपासून घ्या. तो म्हणाला, नंतर. मी जोर केला तर खाली पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरवर बसला. अर्धा तास. मला त्याची पण फार फिकर वाटते.

बाबा तुमच्यावर नाराज आहेत. तुमचं नाव काढलं की तोंड फिरवतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही फोन केला नसता तर काय झालं असतं, डॉक्टरांनी मला सांगितलंय. मी बाबांना सांगितलं नाही.

घरात चार किलो धने झालेत. आता कळलं कशामुळे.

तुमची,
प्रियदर्शिनी


उदगीर
८ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही उत्तर देणार नाही म्हणालात, नका देऊ. पण हे वाचा.

मी हर्षला सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. त्याची माफी मागत नाही. माफी दुसऱ्या गोष्टीची मागायची आहे. ती मी दहा वर्षं मागितली नाही.

बिदरला प्रमोदच्या मुलीचं बारसं होतं, आठवतं का? आपल्या मामेभावाच्या घरी सगळे जमलो होतो. दुपारी मागच्या अंगणात वहिनी पाय धूत होत्या. अंगठ्याला हळदीचं फडकं बांधलेलं. मी सोडून बघितलं. कडेनं काळं पडलं होतं. मी नर्स, मला काय दिसलं ते मला कळलं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, ‘वन्सं, ह्यांना सांगू नका. उगाच घाबरतील.’ मी म्हटलं, दवाखान्यात जाल ना? त्या हो म्हणाल्या.

मी तुम्हाला सांगितलं नाही. शब्द दिला होता, तो पाळला. पाच महिन्यांनी त्यांचा अंगठा काढल्याचं कळलं.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी हसले, आणि वर शब्दही दिला. तुम्ही शुगरचं उत्तर टाळलंत तेव्हाच मला उठायला हवं होतं, तरी मी संक्रांतीपर्यंत वाट बघत बसले. एवढी शिकून मी दोनदा तेच केलं. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत केलं नाही, एवढंच.

आता तुम्ही ठरवा, माझ्याशी बोलायचं का नाही.

भामा


काचीगुडा
२४ मार्च २०२५

चि. भामा,

आशीर्वाद. दोन महिने तुला लिहिलं नाही. आधी रागानं, मग लाजेनं.

अंगठ्याचं पुढचं पेर गेलं. पाऊल राहिलं. जखम भरत आली आहे, परवा डॉक्टरांनी सांगितलं की आता घरात चालायला हरकत नाही. तळाशी मऊ थर असलेले चामड्याचे बूट करून दिलेत, ते घालून मी सोफ्यापासून दारापर्यंत जातो आणि येतो. रोज इन्सुलिन घेतो, सूनबाई देते. नखात बुरशी होती की नव्हती, हे आता कळायचं नाही. नखच राहिलं नाही.

हर्ष त्या क्लिनिकवर जाऊन भांडणार होता. मी त्याला अडवलं. चुरा न तपासता त्यांनी सुरू केलं, ही त्यांची चूक असेल. पण शुगरसमोरची ‘नाही’वरची खूण माझी आहे, आणि त्या पोरीनं दर मिनिटाला विचारलं होतं. मी हे हर्षला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं स्कूटरची किल्ली परत खुंटीला लावली.

पद्माचं वाचलं. तीन दिवस तुझं तोंड बघू नये असं वाटलं. मग आठवलं की त्या बारशाला मीही होतो. परत येताना गाडीत तिनं पाय वर घेतला होता आणि ते फडकं मीही बघितलं होतं. विचारलं तर म्हणाली, ठेच लागली. मी ते खरं धरलं, कारण मला तेच खरं हवं होतं. तेव्हा तू एकटी माफी मागू नकोस.

आता कालचं सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं आणि तुझ्याशिवाय कोण आहे?

दवाखान्यातून आम्हाला एक नायलॉनचा दोरा दिलाय, दांडीला लावलेला. समोरच्यानं डोळे मिटायचे, आपण पायाला दहा ठिकाणी दोरा टेकवायचा, लागलं की त्यानं हो म्हणायचं. दोरा वाकेपर्यंत फक्त टेकवायचा, ओढायचा नाही, असं नर्सनं बजावलं होतं. काल रविवारी सकाळी सूनबाईनं माझ्या पायावर करून बघितलं. डाव्या पायाला चार ठिकाणी कळलं, उजव्याला दोन. तिनं वहीत लिहिलं आणि गॅस बंद करायला गेली. हर्ष पेपर वाचत होता.

मी म्हटलं, ‘हर्ष, डॉक्टरांनी तुला तपासायला सांगितलं होतं. उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर.’

त्यानं पेपर खाली केला नाही. पेपरामागूनच म्हणाला, ‘तपासलंय, बाबा. दोन वर्षं झाली.’

गोळ्या तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं तिथूनच ऐकलं. हात पुसत येऊन त्याच्या शेजारी बसली. का सांगितलं नाहीस, हे विचारायला मला तोंड नव्हतं. त्यानंच सांगितलं. म्हणाला, ‘तुम्ही आईच्या पायाकडे बघायचात तसं माझ्या पायाकडे बघत बसला असतात. मला ते नको होतं.’

भामा, दोन वर्षं एकाच ताटलीतली भाकरी मोडत होतो आम्ही, आणि दोघंही आपापल्या गोळ्या लपवत होतो.

मग मी म्हटलं, पाय इकडे दे. आधी नको म्हणाला. सूनबाईनं त्याच्या हातातला पेपर काढून घेतला. त्यानं पाय माझ्या स्टुलावर ठेवला आणि डोळे मिटले. मी चष्मा लावला. अंगठ्याला टेकवलं, हो म्हणाला. मधल्या बोटाला, हो. टाचेला, हो. उजवा पाय पुरा झाला, सगळीकडे हो. डाव्याला नऊ ठिकाणी लगेच हो म्हणाला. दहावी जागा करंगळीच्या खालची. मी दोरा टेकवला, तो वाकला, आणि हर्ष गप्प.

मी पुन्हा टेकवला. सूनबाई माझ्याकडे बघत होती. या वेळी तो म्हणाला, ‘हो, लागतंय.’

तिनं सुस्कारा सोडला आणि वहीत खूण करायला पेन उचललं. मी तिला थांबवलं.

मी म्हटलं, ‘हर्ष, या वेळी मी दोरा ओढला होता. परत करू.’

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा मिटले.

तुझा,
अण्णा